खलाशाची गाठ

१

कृष्णकांत मास्तर आपल्याच पुस्तकांच्या खोलीत आढ्याला लटकलेले सापडले, तेव्हा नागपूरच्या महाल भागातल्या त्यांच्या गल्लीत सकाळचा सडा अजून वाळायचा होता. साल १९३४, फाल्गुनाचा शेवट. नऊच्या सुमारास कोतवालीचा शिपाई इतवारीत नत्थूजी बुकबाइंडरच्या दुकानापुढे येऊन उभा राहिला.

नत्थूजी तासाभरापूर्वीच उमरेडहून परतले होते. वारलेल्या बायकोच्या भावाच्या दहाव्याला गेले होते, काल सकाळपासून तिकडेच होते. एका मरणाची धूळ अंगावरून झटकायच्या आत दुसऱ्याचं बोलावणं आलं.

"मास्तर गेले," शिपाई म्हणाला. "साहेबानं तुमाले बोलावलं जी. पुस्तकं पाहाचे हायेत."

मास्तरांची पुस्तकं नत्थूजींइतकी कुणाला ठाऊक नव्हती. दोनशे अकरा पुस्तकं, आणि त्यातली बहुतेक त्यांच्याच हातून शिवून, पुठ्ठे चढवून गेलेली. सगळी एकाच विषयाची. शिडाची मोठी जहाजं, ती कशी बांधायची, शिडं कशी चढवायची, वारा कसा पकडायचा, नांगर कसा टाकायचा. दर्या पाचशे मैलांवर, आणि हा निवृत्त ड्रॉइंग मास्तर नागपुरात बसून जहाजं गोळा करत होता. दर्या पाहिला होता म्हणाल तर जन्मात एकदा, मुंबईला, तीन दिवस, त्यातले दोन पोट बिघडून धर्मशाळेत काढले. "मास्तर, अंबाझरीच्या तळ्यात जहाज कधी सोडता?" असं पोरंटोरं विचारायची. मास्तर हसायचे. नत्थूजींना मात्र हा माणूस मनापासून आवडत असे. पुस्तक हातात घेण्याआधी धोतराला हात पुसणारं नागपुरात दुसरं कुणी त्यांनी पाहिलं नव्हतं.

प्रेत खाली काढलं होतं. टेबलावर दोर पडला होता. सब-इन्स्पेक्टर वामनराव हुशार माणूस, पण त्यांच्या हुशारीला घाई फार. त्यांनी नत्थूजींना बसायलाही सांगितलं नाही.

"आत्महत्या नाही," ते म्हणाले. "आधी हातांनी गळा दाबलाय, मग टांगलंय. डॉक्टरांनी सांगितलं. संध्याकाळी सात-आठच्या सुमारास. आणि कुणी केलं तेही मला माहीत आहे. हे बघा."

दोर काथ्याचा होता. अंगणात मास्तरांनी चौदा हात उंच डोलकाठी उभी केली होती, तिच्यावरचे दोन तुकडे. आढं उंच, एक तुकडा पुरला नसता, म्हणून दोन जोडले होते. वामनरावांनी शेजारचं जाड पुस्तक उघडलं. पानभर गाठींची चित्रं होती.

"मास्तरांच्याच कपाटातलं. हे चित्र बघा आणि ही गाठ बघा. चित्रात टोक उजवीकडे पडलंय, इथे डावीकडे, तेवढं सोडलं तर हुबेहूब. खाली लिहिलंय, दोन दोर जोडायची खलाशांची गाठ. आता सांगा, नागपुरात खलाशी किती?"

"एक," नत्थूजी म्हणाले.

त्या एकाला, म्हणजे राघो तांडेलाला, अंगणातल्या ओसरीवर बेड्या घालून बसवलं होतं. दाभोळचा म्हातारा, जन्म गलबतावर गेलेला. चार महिन्यांमागे मास्तरांनी त्याला भाडं पाठवून बोलावून घेतलं होतं. मास्तरांना मराठीत एक पुस्तक लिहायचं होतं, दर्यावर्दी लोकांचे शब्द, त्यांच्या रीती, त्यांची कामं. राघो सांगायचा, मास्तर लिहायचे, चित्रं काढायचे.

"आता फासावर जाईल," वामनराव शांतपणे म्हणाले. "यात शंकेला जागाच नाही."

नत्थूजी गाठीकडे बघत राहिले. गाठ त्यांच्या ओळखीची होती. तिची दोन्ही टोकं अगदी मुळाशी, स्वच्छ कापलेली होती.

२

मास्तरांची मुलगी प्रेमलता माहेरी परतलेली विधवा, घर तीच चालवायची. रडून तिचे डोळे सुजले होते, तरी बोलण्यात धार होती.

"मी अण्णांना आधीच सांगत होते, हा माणूस घरात नको. सुकट भाजायचा अंगणात. सगळी गल्ली नाकाला पदर लावून जायची. अण्णा म्हणायचे, विद्येला सोवळं नसतं."

"भांडण झालं होतं का जी दोघांचं?"

"परवाच. तो म्हणत होता, मला घरी जाऊ द्या. अण्णा म्हणत होते, पुस्तक पुरं होईपर्यंत नाही. मोठ्यानं बोलत होते दोघं. आणि काल संध्याकाळी मी कीर्तनाला गेले तेव्हा घरात अण्णा आणि तो, दोघंच. नऊला परत आले तर खोलीचं दार लावलेलं. अण्णा पुष्कळदा पुस्तकांतच झोपायचे, म्हणून मी हाक मारली नाही. मारायला हवी होती."

तिने पदराने डोळे टिपले आणि विचारलं, "पण नत्थूजी, तुम्ही काल का नाही आलात?"

"मी?"

"अण्णांनी सकाळीच रुख्माबाई गवळणीच्या हाती तुम्हाला चिठ्ठी पाठवली होती. आजच्या आज येऊन जा म्हणून. दोन दिवसांपासून ते सारखी पुस्तकं काढून मोजत बसले होते. मी विचारलं तर म्हणाले, नत्थूजीशीच बोलेन, दुसऱ्या कुणाशी नाही."

दुकानावर आल्यावर नत्थूजींनी वसंतला चिठ्ठीचं विचारलं. वसंत म्हणजे त्यांच्या थोरल्या भावाचा मुलगा, आता तिशी ओलांडलेला. नऊ वर्षांचा असताना बाप वारला, तेव्हापासून तो आणि त्याची आई सखूबाई नत्थूजींच्याच घरी. नत्थूजींना स्वतःचं मूलबाळ नव्हतं. भाऊ गेल्यावर घरचा माग विकून नत्थूजींनी पुस्तकं बांधायचं हे दाबयंत्र घेतलं होतं. गिरण्यांपुढे हातमाग टिकायचा नाही, हा त्यांचा हिशेब. खरा निघाला म्हणा. पण दुकान चालू लागेपर्यंत पोरगा दोन वर्षं कापसाच्या जिनात कामाला गेला आणि उजव्या हाताचं पहिलं बोट तिथेच ठेवून आला.

"कोणती चिठ्ठी, काकाजी?" वसंत पुठ्ठ्याला खळ लावत होता. मान वर केली नाही. "माया हाती नाही आली काही. ते रुख्माबाई काय, रस्त्यानं बोलत बोलत जाते. पाडली असन कुठं."

"असनही," नत्थूजी म्हणाले.

त्यांनी ते मानलं. मानायचंच होतं त्यांना. पण जेवताना भाकर ताटात तशीच राहिली, आणि सखूबाईंनी दोनदा विचारलं, "भाऊजी, भाकर कडू झाली काय जी?"

३

दुसऱ्या दिवशी नत्थूजी कोतवालीत गेले. वामनरावांनी राघोला भेटू दिलं, उपकार केल्यासारखं.

राघो भिंतीला टेकून बसला होता. नागपूरच्या उन्हाने त्याचे ओठ फुटले होते. "मी न्हाई मारला मास्तरांस," तो म्हणाला, आणि हे शंभरदा म्हणून झाल्यासारखा त्याचा आवाज सपाट होता.

"परवा सांजच्याले कुठं होता?"

"तळ्यावर. रोज जातो. शुक्रवार तलाव म्हणतात त्याला. पाणी बघत बसतो जरा." त्याने मान खाली घातली. "कोणी बघितलं न्हाई मला. तिकडं मला वळखतो कोण?"

नत्थूजींनी बंडीच्या खिशातून सुतळीचे दोन तुकडे काढून त्याच्यापुढे ठेवले. "हे जोडून दाखव."

राघोने बेड्यांतल्या हातांनी गाठ मारली. डोळे दुसरीकडेच होते, हात आपले आपण चालले. एका तुकड्याचा वेढा, दुसरा त्यातून वर, मागून फिरून स्वतःखाली. तीच गाठ. मागे दोन्ही टोकं वीतवीतभर लोंबत राहिली.

"आता टोकं काप."

राघोने त्यांच्याकडे असं पाहिलं, जणू या माणसाने त्याला जेवताना ताटात थुंकायला सांगितलं. "का म्हणून?"

"चांगले दिसत नाही म्हणून."

"दादा, दर्यावर दिसण्याला कोण इचारतो? दोर भिजतो, ताणतो, सैल पडतो. शेपूट आखूड ठेवलं तर गाठ सरकून सुटते, आणि शिडाचा दोर सुटला की माणसं जातात. माझ्या बापानं मला पहिली थोबाडीत दिली ती शेपटापायी. आणि कापलाच दोर, तर टोकाला दोरा गुंडाळून बांधल्याबिगर तांडेल तो हातातून खाली ठेवायचा न्हाई. उसवतो ना."

मेलेल्या मास्तरांच्या गळ्यातल्या दोराची टोकं कापलेली होती, आणि उसवत चालली होती. नत्थूजींना ते काल दिसलं होतं. आज कळलं.

"हे साहेबाले सांगतलं तू?"

"सांगितलं. साहेब म्हणाले, पुस्तकात चित्राखाली तसं काय लिवलेलं न्हाई." राघोचे ओठ हसू यावं तसे हलले, पण हसू आलं नाही. "पुस्तकात टोकं छोटीच दाखवतात. कागद कमी पडतो त्यांना."

नत्थूजी उठले. दाराशी राघोने मागून हाक मारली. "दादा, माझी बायको दाभोळात हाय. तिला कोणी कळवलं न्हाई. फाशी झाली तर मागनं नका कळवू. आधी कळवा, म्हंजे ती तरी एकदा बघून जाईल."

बाहेर ऊन मी म्हणत होतं. ही गाठ दर्यावरची असेल नाहीतर आभाळातली, नत्थूजींनी ती लिहिता येण्याआधी शिकली होती. मागावर ताण्याचा उभा धागा तुटला की कोष्टी हीच गाठ मारतो. आणि मारल्याबरोबर टोकं मुळाशी कापतो, कात्री नसेल तर दातांनी तोडतो. टोक राहिलं तर ते फणीत अडकतं आणि शेजारचे दहा धागे तोडतं. इथे थोबाडीत मिळते ती टोक ठेवलं म्हणून.

मास्तरांना टांगणारा खलाशी नव्हता. तो नत्थूजींच्याच कोष्टी लोकांतला कुणीतरी होता.

४

वामनरावांनी ऐकून घेतलं आणि पान तोंडात टाकलं. "नत्थूजी, इतवारीपासून उमरेडपर्यंत हजारो कोष्टी आहेत. त्यातल्या कुणाला मास्तरांच्या जहाजांशी घेणंदेणं आहे? मला माणूस द्या. गाठ नको."

माणूस शोधायला नत्थूजी परत पुस्तकांकडेच गेले. प्रेमलतेने खोली उघडून दिली. मास्तर दोन दिवस काय मोजत होते ते शोधायला फार वेळ लागला नाही. टेबलाच्या खणात त्यांची वही होती. प्रत्येक पुस्तकाचं नाव, आणि पुढे त्यातली चित्राची पानं किती. ड्रॉइंग मास्तरच तो, चित्रं मोजल्याशिवाय राहतो थोडाच. सात पुस्तकांपुढे नव्या शाईने फुल्या मारल्या होत्या.

नत्थूजींनी सातही काढली. मोजली. बेचाळीसच्या जागी अडतीस. तीसच्या जागी सव्वीस. मोठमोठी घडीची चित्रं, पूर्ण शिडं उभारलेली तीन डोलकाठ्यांची जहाजं, तेवढीच नाहीशी झालेली. पान फाडलं तर मुळाशी कागदाची कड उरते. इथे कड नव्हती. शिलाई घट्ट, पाठ सरळ, बघणाऱ्याला वाटावं की चित्र कधी नव्हतंच.

सातही पुस्तकं गेल्या वर्षभरात नत्थूजींच्या दुकानात बांधलेली होती.

तरी माणूस शेवटची दोरी सोडत नाही. गुलाबचंद होता ना. सराफ्याजवळ त्याचं जुन्या वस्तूंचं दुकान होतं. घड्याळं, झुंबरं, हंड्या, आणि सिव्हिल लाइन्सच्या साहेबांना लागतात तशा तसबिरी. मास्तरांची पुस्तकं त्याने तीनदा मागितली होती आणि तिन्ही वेळा त्याला हात हलवत परत जावं लागलं होतं. नत्थूजी जवळजवळ आशेनेच त्याच्या दुकानात शिरले. तो चोर निघावा, खुनी निघावा, काहीही निघावा.

भिंतीवर जहाजाची तसबीर होती. काळ्या चौकटीत, काचेखाली.

"साहेब लोगोंको जहाज बहोत पसंद," गुलाबचंद म्हणाला. "घर याद येते त्यांना. ऐसी बीस-पच्चीस विकली मी. मास्तरांचं ऐकून वाईट वाटलं हो. मी तर त्या रातीला कामठीला होतो, बारात में. सौ आदमी गवाह हैं."

"काच काढा जरा."

"काहून?"

"काढा जी."

काच निघाली. नत्थूजींनी चित्राची डावी कड उजेडात धरली. कडेला बारीक भोकं होती. सुईची. एकूण पाच, आणि वरून दुसरं आणि तिसरं जरा जवळ. त्यांच्या शिवायच्या चौकटीला मधली एक खाच वाकडी पडलेली होती, वीस वर्षांपासून. दुरुस्त करीन म्हणता म्हणता राहिली होती. नागपुरात ज्या पुस्तकाला म्हणून ही वाकडी भोकं असतील, ते पुस्तक त्यांच्या दुकानातून गेलेलं.

मास्तरांनी दुकानात दिलेलं, आणि दुकानातच शिवण उसवून त्यातलं चित्र काढलेलं. परत शिवून दिलेलं.

"कोणी विकलं हे?"

गुलाबचंदने हात जोडले. "धंद्यात नाव विचारत नाहीत, नत्थूजी."

विचारायची गरजही उरली नव्हती. दुकानात माणसं दोनच होती.

५

दुकानात जाण्याआधी ते रुख्माबाईकडे गेले. ती म्हशीला आंबोण देत होती.

"चिठ्ठी? देली ना जी. तुमच्या वसंताच्या हातात देली. म्या म्हटलं, काकाजीले दे. तर म्हणे, काकाजी उमरेडले गेले, मीच जातो."

संध्याकाळचे पाच वाजले होते. वसंत दाबयंत्राजवळ बसून शिलाई करत होता. नत्थूजींनी काथ्याच्या दोराचे दोन तुकडे त्याच्यापुढे टाकले.

"हे जोड."

"कायले?"

"जोड म्हणतो ना मी."

वसंतने दोर उचलले. उजव्या हाताला पहिलं बोट नव्हतं, म्हणून डावा हात पुढे झाला. नत्थूजींनी डोळे मिटले नाहीत, पण मिटावेसे वाटले. बोट गेल्यानंतर पोरगा रडत बसायचा, गाठ जमायची नाही. तेव्हा एक आख्खा पावसाळा त्याच्यामागे बसून, त्याचे हात आपल्या हातांत धरून, ही गाठ त्यांनी त्याला उलट्या हाताने शिकवली होती. आरशात पाहून मारावी तशी. वामनरावांच्या चित्रात टोक उजवीकडे पडलं होतं, दोरावर डावीकडे. तेवढं सोडलं तर हुबेहूब, असं साहेब म्हणाले होते. तेवढ्यातच सगळं होतं.

वसंतने गाठ ओढली. टोक डावीकडे पडलं. मग शेजारची कात्री उचलून, काही विचार न करता, त्याने दोन्ही टोकं मुळाशी कापली.

कापल्यावर त्याचा हात थांबला. त्याने काकांकडे पाहिलं, मग दोराकडे. कात्री हळूच खाली ठेवली.

"मास्तर म्हणे, नत्थूजीले सांगीन," तो म्हणाला. "मी पाय धरले त्यांचे. म्हटलं, पुन्हा नाही करणार, पोलिसांत द्या, पण काकाजीले नका सांगू. ते म्हणे, वसंता, ज्यानं तुला पोराप्रमाणं वाढवलं त्याच्यापासूनच लपवायला सांगतोस? आन् माया हात त्यांच्या गळ्यावर गेला. मले खरंच समजलं नाही काकाजी, कधी गेला ते. मंग वाटलं, टांगून ठेवलं तर लोक म्हणन, त्यायनंच फास घेतला."

"काहून काढले ते चित्रं?"

"माग घ्याचा होता."

नत्थूजींना वाटलं आपण चुकीचं ऐकलं.

"बाबाचा माग. तुमी विकला तो. पल्याडच्या गल्लीत ज्यानं घेतला तो देऊन राहिला होता परत. मले दुसऱ्याच्या पुस्तकाले खळ नव्हती लावायची जन्मभर. मी कोष्टी हावो. माये हात त्याच कामाचे हायेत."

दुकानाबाहेर टांगे चालले होते. माग कुणी विकला, पोराला जिनात कुणाच्या हिशेबाने जावं लागलं, उलटी गाठ कुणी शिकवली, हे एकेक करून नत्थूजींपुढे येऊन उभं राहत होतं, आणि प्रत्येक वेळी नाव त्यांचंच निघत होतं.

"त्या तांडेलाले फाशी होईन," वसंत खाली बघत म्हणाला. "तो काई आपला कोणी नाही, काकाजी. म्हातारा हाये. चार-दोन वर्सं राहिले असन त्याचे."

हे ऐकेपर्यंत कदाचित नत्थूजींच्या मनाचा काटा हलत होता. कुणाचा हलला नसता? वामनरावांना माणूस मिळाला होता, चौकशी मिटली होती, नत्थूजींनी नुसतं गप्प बसायचं होतं. पण या पोराला त्यांनी घास भरवला होता, आणि तो आज असं बोलत होता.

"त्याची बायको हाये दाभोळात," ते म्हणाले. "टोपी घाल. चाल."

६

घर वाटेतच होतं. वसंत म्हणाला, आईच्या पाया पडतो. सखूबाई ओट्यावर तांदूळ निवडत होत्या. सांगण्याआधीच त्यांना काहीतरी कळलं. दोघांची तोंडं पाहून सूप त्यांच्या मांडीवरून घसरलं.

"घरातली गोष्ट घरात ठेवा, भाऊजी," सगळं, गाठीच्या टोकांचंसुद्धा, ऐकून त्या म्हणाल्या. आवाज चढवला नाही. "तुमचे पाय धरतो. एकच हाये मले."

"वहिनी, तिकडं एक माणूस उगाच मरून राहिला."

"मरू द्या."

"मले नाही जमत, वहिनी."

वसंत वळून चालू लागला होता. पळून जाता आलं असतं, स्टेशन लांब नव्हतं. गेला नाही. कोतवालीच्या पायरीवर मात्र त्याने लहानपणी धरायचा तसा काकांच्या बंडीचा काठ धरला, आणि शिपायाने सोडवेपर्यंत सोडला नाही.

वामनरावांनी गाठ आणि चित्र पुन्हा शेजारी ठेवून पाहिलं. मग पुस्तक मिटलं. "माझी चूक झाली," असं म्हणण्याइतका तो माणूस बरा होता.

राघो तांडेल तिसऱ्या दिवशी सुटला. जाण्याआधी नत्थूजींच्या दुकानापुढे आला, पण काय झालं ते त्याला कळलं होतं, त्यामुळे आत आला नाही. रस्त्यावरूनच हात जोडले आणि स्टेशनच्या वाटेला लागला. वसंतला श्रावणात नागपूरच्या तुरुंगात फाशी झाली. प्रेत नत्थूजींनीच आणलं. गळ्यावरची खूण झाकायला शेला वरपर्यंत ओढला, तरी सखूबाईंनी तो खाली करून पाहिलीच.

वसंतला कोतवालीत नेलं त्या दिवसापासून त्या नत्थूजींशी बोलल्या नाहीत. घर सोडून गेल्याही नाहीत, जाणार कुठे? वेळेवर ताट वाढायच्या. दुपारी दुकानात येऊन फर्म्यांच्या, म्हणजे पुस्तकाच्या कागदांच्या, घड्या घालायच्या, कारण आता दुसरा माणूस नव्हता.

दिवाळीनंतर प्रेमलता मास्तरांचं हस्तलिखित घेऊन आली. तीनशे पानं, चित्रांसकट, राघोने सांगितलेला एकेक शब्द. अपुरंच होतं. "बांधून तरी ठेवा," ती म्हणाली. "पैसे..."

"नका सांगू," नत्थूजी म्हणाले.

आठ दिवस लागले. जुनी चौकट फोडून त्यांनी नवी करून घेतली होती, पाचही खाचा सरळ. शेवटच्या फर्म्याला धागा कमी पडला. त्यांनी दुसरा धागा घेतला, गाठ मारली, आणि हात कात्रीकडे गेला तो तिथेच थांबला. टोकं राहू दिली. लांब, वीतवीतभर, राघोची होती तशी. पुस्तक मांडीवर घेऊन ते नुसते बसून राहिले.

सखूबाई शेजारी घड्या घालत होत्या. त्यांची नजर लोंबत्या टोकांवर पडली. कोष्ट्याच्या घरात जन्मलेल्या, कोष्ट्याच्या घरात नांदलेल्या बाईला ते बघवलं नाही. त्या काही न बोलता पुढे वाकल्या, पुस्तक ओढून घेतलं आणि दोन्ही टोकं गाठीच्या मुळाशी दातांनी तोडली.

मग त्यांना कळलं आपण काय केलं. धाग्याचे ते दोन तुकडे तोंडात तसेच राहिले. त्यांना ते गिळताही येईनात आणि थुंकताही येईनात, आणि आठ महिन्यांत पहिल्यांदा त्यांनी मान वर करून नत्थूजींकडे पाहिलं.